घरचा चेहरा

पेस्टलच्या खडूने व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

व्यापाऱ्याच्या घरात माणसे पारखण्याची विद्या वेगळी शिकवावी लागत नाही. गादीवर दहा वर्षे बसलेल्या मनुष्यास, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच कळते, की हा घेणारा आहे की केवळ भाव विचारून जाणारा. खामगावच्या बाजारात कापसाचा पेळू बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगणारे आणि चांदी हातात घेताच तिच्यातील भेसळ ओळखणारे जाणकार आजही भेटतात. मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा येथील पेढ्यांवर उधारी द्यावी की न द्यावी याचा निर्णय पुष्कळदा वहीपेक्षा समोरच्या चेहऱ्यावरूनच होत आला आहे.

असे असूनही याच घरातील कोणास विचारावे, की आपल्या आईच्या कपाळावर आठ्या किती आहेत, किंवा सासूबाईंच्या कोणत्या गालावर तीळ आहे, तर उत्तर देणारा क्षणभर अडखळतो. पंचवीस वर्षे एका छताखाली गेलेली असतात, रोज एका पंगतीत जेवण झालेले असते. तरीही तो चेहरा पाहिलेला नसतो. परक्याचा चेहरा पाहण्यास कारण असते, घरच्या चेहऱ्यास ते लागत नाही. म्हणून तो सर्वांत जवळचा असून सर्वांत कमी पाहिलेला राहतो.

पुढे एक दिवस घरातील वडीलधारे माणूस जाते. मग छायाचित्राची शोधाशोध होते. कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून चेहरा वेगळा काढून स्टुडिओत मोठा केला जातो आणि चंदनाचा हार घालून दिवाणखान्यात लावला जातो. अनेक घरांत तो चेहरा त्या दिवशी प्रथमच नीट न्याहाळला जातो, आणि मागाहून वाटते, की हे पाहणे थोडे आधी झाले असते तर बरे होते.

चाळिशी-पन्नाशीत खडूची पेटी उघडून घरच्याच माणसाचे व्यक्तिचित्र काढावयास बसणारी गृहिणी किंवा दुकानदार हे ‘आधीचे’ पाहणे करू लागतो. त्यास आत्मप्रकटीकरण असे मोठे नाव देता येईल. परंतु त्याची सुरुवात फार साध्या गोष्टीपासून होते. समोर बसलेल्या माणसाकडे पाऊण तास, काही न बोलता, पाहता येणे ही ती गोष्ट होय.

ब्रशावाचून रंग

पेस्टल हा शब्द इटालियन भाषेतील ‘पास्तेलो’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी लगदा किंवा कणीक असा अर्थ आहे, आणि तो या माध्यमास शोभतो. रंगाची कोरडी पूड, खडूची किंवा जिप्समची भुकटी आणि अगदी थोडा डिंक पाण्यात कालवून त्याची कणीक मळतात, तिच्या कांड्या वळतात आणि त्या सुकवतात. हाच सॉफ्ट पेस्टल. शाळेच्या साहित्याच्या दुकानात सर्रास मिळतो तो ऑइल पेस्टल. त्यात रंग धरून ठेवण्याचे काम तेल व मेण करतात. दोघांचे नाव एक असले तरी स्वभाव निराळा. ऑइल पेस्टल चिकट असतो, पूर्णपणे कधी वाळत नाही, आणि आपल्याकडील वैशाखात तर कांडी हातातच मऊ पडते. सॉफ्ट पेस्टलची पूड कागदाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकून बसते आणि बोटाने हलकेच पसरवता येते. चेहऱ्याचे मऊ चढउतार दाखविण्यास तोच अधिक सोयीचा. छोट्या गावात तो बहुधा मागवून घ्यावा लागतो.

ज्या घरात अंगणातील रांगोळी अजून हातानेच घातली जाते, तेथील स्त्रियांना हे माध्यम अनोळखी वाटू नये. कोरडा रंग चिमटीत धरून किती दाबाने सोडावा, दोन रंगांची कड कोठे मिसळावी आणि कोठे तीक्ष्ण ठेवावी हे त्या बोटांना आधीच ठाऊक असते. महाराष्ट्रात रांगोळीतून व्यक्तिचित्रे साकारणारे कलावंत पुष्कळ आहेत. गुरुमहाराजांसमोर अक्षतांची गहुली काढणाऱ्या हातांनाही ही शिस्त परिचयाची आहे. पेस्टल म्हणजे एका अर्थी कागदावर टिकणारी रांगोळी.

जैन कुटुंबांस या माध्यमाची आणखी एक बाजू महत्त्वाची वाटेल. जलरंग व तैलरंग यांसाठी वापरले जाणारे परंपरागत ब्रश खारीच्या, सेबल नावाच्या प्राण्याच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात. पेस्टलला ब्रशच लागत नाही. परंपरेने त्यात वापरला जाणारा ट्रॅगाकँथ हा डिंकही झुडपापासून मिळतो. तथापि सर्वच कांड्या निर्दोष असतात असे समजू नये. ‘आयव्हरी ब्लॅक’ किंवा ‘बोन ब्लॅक’ या नावाचा काळा रंग हाडे जाळून तयार करतात. वेष्टनावर त्याची खूण ‘पीबीके ९’ अशी असते. ‘पीबीके ६’ किंवा ‘पीबीके ७’ अशी खूण असल्यास तो काजळीचा काळा समजावा. अस्सल ‘कार्माइन’ हा लाल रंग कोचिनील नावाच्या कीटकापासून निघतो. त्याची खूण ‘एनआर ४’. काही जाड कागदांना जिलेटिनची खळ दिलेली असते, आणि रंग पक्का करण्याच्या काही फवाऱ्यांत दुधातील केसिन असते. खूण छापलेली नसेल तर उत्पादकाकडे चौकशी करावी. ज्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरील घटकही वाचले जातात, तेथे एवढी चौकशी जड नाही.

सत्तरीतील नवशिक्या

युरोपात अठराव्या शतकात पेस्टलच्या व्यक्तिचित्रांस मोठी प्रतिष्ठा होती आणि ती मिळवून देण्यात एका स्त्रीचा वाटा फार मोठा होता. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा यांनी सुरुवात केली ती तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर छोटी चित्रे काढण्यापासून. त्यांची आई लेस विणणारी. साध्या घरातील या बाई 1720 मध्ये पॅरिसला गेल्या, बालवयातील राजा पंधरावा लुई याचे चित्र त्यांनी काढले, आणि त्याच वर्षी तेथील राजमान्य कला अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. त्या काळात स्त्रीस हा मान क्वचितच मिळे. त्यांचे एक आत्मचित्र फ्लॉरेन्स येथील उफिझी संग्रहालयात आहे. त्यात रोझाल्बा यांनी एक चित्र हाती धरले आहे, आणि ते चित्र त्यांच्या बहिणीचे आहे. स्वतःस दाखवावयाचे तेव्हा त्यांनी महाल किंवा वैभव दाखविले नाही. बहिणीचा चेहरा दाखविला.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल, कारण ते उतारवयाचे आहे. झाँ सिमेओं शार्दँ हा पॅरिसमधील एका सुतार-कारागिराचा मुलगा. तांब्याची भांडी, फळे, स्वयंपाकघरातील स्त्रिया अशा साध्या विषयांवर तैलरंगात चित्रे काढून त्याने नाव कमावले. वयाच्या सत्तरीच्या सुमारास डोळे अधू झाले, आणि तैलरंग झेपेनासे झाले. एवढ्या मानाच्या चित्रकाराने तेव्हा हात आवरता घेतला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्याने पेस्टल हाती घेतला. 1771 मधील त्याचे आत्मचित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. डोक्यास फडके गुंडाळलेले, गळ्यात रुमाल, नाकावर चष्मा, आणि चष्म्यावरून रोखून पाहणारे म्हातारे डोळे. दुपारच्या वेळी पेढीवर हिशेब तपासताना कोणी हाक मारली तर आजोबा मान वर करून जसे पाहतात, तसेच हे पाहणे आहे. 1775 मध्ये त्याने डोळ्यांवर झापड घातलेले दुसरे आत्मचित्र काढले आणि त्याच वर्षी आपल्या पत्नीचेही काढले. नजर मंद होत असताना या मनुष्याने पाहण्यासाठी काय निवडले? स्वतःचा चेहरा आणि संसारात सोबत असलेला चेहरा.

आपल्याकडील वारसा

चेहरा रंगविणे ही आपल्या परंपरेस परकी गोष्ट आहे, असा काहींचा समज असतो. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या पाहिल्या म्हणजे तो दूर होतो. गुजरात व राजस्थानातील व्यापारी श्रावकांनी शास्त्रदान म्हणून या पोथ्या लिहवून घेतल्या. त्यांतील चेहरे पाऊण बाजूने दाखविलेले असतात, आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर आलेला असतो. तो डोळा चुकून बाहेर आलेला नाही. ती त्या शैलीची ओळख आहे. परंतु हे चेहरे विशिष्ट माणसांचे नसतात. राजा, राणी, साधू सारे एकाच साच्यातील.

विशिष्ट माणसाकडे वळलेली नजर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका विज्ञप्तिपत्रात दिसते. चातुर्मासासाठी आचार्यांनी आपल्या गावी यावे, अशी विनंती करणारे लांबलचक सचित्र पत्र संघातर्फे पाठविण्याची प्रथा होती. आग्र्याच्या संघाने 1610 मध्ये आचार्य विजयसेनसूरी यांना असे पत्र पाठविले, आणि त्यातील चित्रे जहांगीराच्या दरबारचा चितारी उस्ताद शालिवाहन याने काढली. पर्युषणाच्या दिवसांत प्राण्यांची हत्या थांबविण्याचे बादशहाचे फर्मान हा त्या चित्रांचा प्रसंग. त्यात बादशहा आहे, दरबारी आहेत, बाजारातील माणसे आहेत, प्रवचन ऐकणारे स्त्री-पुरुष आहेत. आणि साच्यातील चेहऱ्यांच्या जागी पाहिलेली माणसे आहेत. आपण जसे पाहिले तसे चितारले, अशा आशयाची नोंद त्या पत्रात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत व्यक्तिचित्राचा सारा धर्म सामावलेला आहे.

पहिले बसणे

‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी प्रमाण, सादृश्य, भाव आणि रंग वापरण्याचे कौशल्य म्हणजे वर्णिकाभंग, ही चार नवशिक्यास पहिल्या दिवसापासून लागतात. त्यांचा क्रम मात्र सांभाळावा. नवशिक्या बहुधा भावापासून आरंभ करतो आणि प्रमाणाशी अडतो.

खोलीत एकाच बाजूने उजेड येईल असे पाहावे. उत्तरेची खिडकी उत्तम, कारण तेथून थेट ऊन येत नाही व उजेड तासभर फारसा बदलत नाही. ज्यांचे चित्र काढावयाचे त्यांना आरामशीर बसवावे. वयस्कर माणसास पाठीला टेकण द्यावे. एका सामायिकास जेवढा वेळ लागतो तेवढा, म्हणजे 48 मिनिटांचा अवधी पहिल्या बैठकीस पुरेसा आहे. सामायिकाची साधना निराळी. येथे केवळ कालमापन घ्यावयाचे. तथापि तेवढा वेळ एका जागी स्थिर बसण्याची ज्या आजींना सवय आहे, त्यांच्यासारखे उत्तम मॉडेल शहरातील कलाशाळेसही सहज मिळत नाही.

कागद पांढरा घेऊ नये. राखी, बदामी किंवा मातकट रंगाचा खरबरीत कागद घेतल्यास मधल्या छटा आपोआप मिळतात. खडूने केवळ सावली आणि उजेड द्यावयाचा उरतो. आरंभी कोळशाच्या कांडीने हलक्या हाताने डोक्याचा आकार मांडावा. डोळे कपाळाखाली लगेच येतात असे वाटत असले, तरी टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर ते असतात. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या ते वर काढतो, कारण त्याचे लक्ष मुद्रेवर असते, कवटीवर नसते. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढे अंतर असते. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत येतो. वार्धक्यात मात्र ही मापे सरकतात. दात गेल्यावर नाक व हनुवटी यांतील अंतर कमी होते, कानाची पाळी लोंबते, नाकाचा शेंडा खाली झुकतो. ठोकळ मापे पाठ करावीत आणि मग समोरच्या चेहऱ्याने ती कोठे मोडली आहेत, ते पाहावे. जेथे ती मोडतात तेथेच तो माणूस सापडतो.

त्यानंतर डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे नाहीसे होतात आणि चेहऱ्यावर दोन-तीन मोठे प्रदेश उरतात: उजेडाचा, सावलीचा आणि मधला. प्रथम हेच प्रदेश भरावेत. गडद छटा आधी, उजळ छटा नंतर. आपल्याकडील त्वचा ‘स्किन कलर’ असे लिहिलेल्या फिकट गुलाबी कांडीने कधीही साधत नाही. पिवळी माती, गेरू, तपकिरी हे मूळ रंग. कानाशी व नाकाच्या शेंड्याशी थोडा तांबडा, हनुवटीखालच्या सावलीत हिरवट किंवा निळसर छटा. त्वचेत हिरवा रंग असतो, यावर प्रथम विश्वास बसत नाही. लावून पाहिल्यावर बसतो. डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्या खडूने भरू नये, तो पापणीच्या सावलीत असतो. शुभ्र पांढऱ्याचा एकच ठिपका सर्वांत शेवटी बुबुळावर द्यावा.

सर्व छटा बोटाने घोटून गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. फार घोटल्यास कागदाचा पोत बुजतो, रंग मळकट होतो आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. सांडलेली पूड फुंकू नये. कागद उभा धरून मागून टिचकी मारावी. काम करताना नाकास रुमाल बांधावा, नंतर हात धुवावेत, आणि लहान मुलांना पेटीपासून दूर ठेवावे, कारण काही रंगद्रव्ये विषारी असतात.

एवढे सारे पाळूनही पहिले चित्र बिघडते. दादींचे चित्र काढावे आणि ते कोणा अनोळखी बाईचे दिसावे, हा अनुभव प्रत्येकास येतो. घरातील मुले हसतात. दादी स्वतः म्हणतात, ‘ही मी नाही, ही माझी थोरली नणंद दिसते.’ त्या वेळी चित्र फाडून टाकू नये. मागे तारीख घालून ते ठेवून द्यावे. दहा चित्रे झाल्यावर ती ओळीने मांडली म्हणजे, आपण काय पाहत नव्हतो याची नोंद त्यांत सापडते. व्यापारी घरास जुन्या वह्या जपण्याचे महत्त्व सांगावयास नको.

‘स्व’ कोठे येतो?

येथे एक शंका उभी राहते. समोरचा चेहरा जसा आहे तसा उतरवावयाचा, तर त्यात काढणाऱ्याचे स्वतःचे असे काय उरले? ते काम छायाचित्रही करते.

एकाच आजींना दोन सुनांनी चितारावे आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. दोन्हींत सादृश्य असेल, तरी चित्रे दोन असतील. एकीने डोळ्यांवर वेळ घालविलेला असेल. दुसरीने मांडीवर एकमेकांत गुंफलेल्या हातांवर. एकीने सुरकुत्या मऊ केल्या असतील. दुसरीस त्या मऊ करणे खोटेपणाचे वाटले असेल. काय ठेवावे, काय सोडावे, कोठे थांबावे, यांचे शेकडो लहान निर्णय 48 मिनिटांत घ्यावे लागतात, आणि त्यांतील एकही निर्णय सासू, नवरा, गिऱ्हाईक किंवा समाज घेऊन देत नाही. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे भाजी कोणती करावी हेसुद्धा इतरांच्या आवडीवरून ठरविले, तिला आपली आवड कोणती, आपणास खरे काय वाटते, हे या कागदावर प्रथम कळू शकते. समोरच्याचा चेहरा प्रामाणिकपणे पाहता पाहता पाहणाराही कागदावर उतरतो. तो मुद्दाम उतरवू गेल्यास मात्र चित्रात दिखाऊपणा येतो.

महाराष्ट्राच्या व्यक्तिचित्रण परंपरेतही घरचा चेहरा वारंवार भेटतो. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेशी निगडित असलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870-1935) यांनी पत्नीची काढलेली चित्रे त्यांच्या उत्तम कामांत गणली जातात; त्यांची मुलगी अँजेला हीदेखील चित्रकार झाली. अलीकडच्या काळात वासुदेव कामत यांना 2006 मध्ये अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर सन्मान मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राला. मोठमोठ्या मान्यवरांची चित्रे काढणाऱ्या हाताने जागतिक स्पर्धेत कौल मिळवला तो घरच्या चेहऱ्याने. हे तैलरंगातील काम, आणि आयुष्यभराच्या साधनेचे. नवशिक्याने त्याच्याशी तुलना करू नये. विषयाची निवड मात्र ध्यानात घ्यावी.

‘याचा उपयोग काय?’

व्यापारी घरात कोणतीही नवी गोष्ट आली, की हा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्यास दोष देता येत नाही. याच प्रश्नाने अनेक पेढ्या बुडण्यापासून वाचल्या आहेत. परंतु त्याची झळ घरातील मुलींस अधिक बसली. शासकीय रेखाकला परीक्षांचे, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र पुष्कळ गृहिणींच्या कपाटात, लग्नपत्रिका आणि शाळेच्या दाखल्यांच्या खाली, अजूनही असते. परीक्षेपुरते चित्र काढले, श्रेणी मिळाली, लग्न झाले आणि रंग संपले. तो हात गेलेला नसतो. त्यास काम मिळालेले नसते.

यावर लगेच ‘चित्रे विकता येतील’ असे उत्तर देण्याची घाई होते. ती करू नये. पहिल्याच वर्षी चित्रास किंमत लावली, की चित्रकार समोरच्यास आवडेल तेवढेच दाखवू लागतो. गाल गोरे होतात, सुरकुत्या जातात, आणि ज्यासाठी खडू हाती घेतला ते हातून निसटते. घरात रोजच्या व्यवहारापासून मुक्त असा एक कोपरा असू द्यावा. दानाचा हिशेब जसा नफ्याच्या वहीत धरत नाहीत, तसाच हाही वेळ धरू नये.

कलेसाठी गाव सोडावे लागते, ही दुसरी अडचण सांगितली जाते. बुलढाणा जिल्ह्याने तिला केव्हाच उत्तर दिले आहे. कवी ना. घ. देशपांडे (1909-2000) यांनी मेहकरात वकिली केली, तेथेच कविता लिहिली, आणि ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खामगावात टिळक राष्ट्रीय विद्यालयाने आणि पंधे गुरुजींनी चित्रकलेच्या शिक्षणाची परंपरा रुजविली. शिकविणारे आपल्या परिसरात आहेत. गावातील शाळेचे निवृत्त कलाशिक्षकही आठवड्यातून एक तास आनंदाने देतील. विचारले मात्र पाहिजे.

वय झाले, ही तिसरी अडचण. रवींद्रनाथ ठाकूर यांनी चित्रकलेकडे गांभीर्याने वळावे ते साठी उलटल्यावर. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये 1930 मध्ये भरले, तेव्हा ते सत्तरीच्या जवळ आले होते. शार्दँची गोष्ट वर आलीच आहे. वेळेचे म्हणावे, तर पावसाळ्यात कापडाचा व सराफीचा बाजार मंद असतो, दुपारी दुकानात माशी हलत नाही. चातुर्मासाच्या चार महिन्यांत आठवड्यास एक बैठक धरली तरी सोळा चित्रे होतात. सोळाव्या चित्रात दादी ओळखू येतात.

जपणूक

पेस्टलच्या चित्रात तेल नसल्यामुळे ते काळानुसार पिवळे पडत नाही व त्यास तडे जात नाहीत. क्वांतँ दे ला तूर याने 1755 मध्ये पूर्ण केलेले मादाम द पाँपादूरचे भव्य पेस्टल चित्र लूव्रमध्ये आहे. परंतु पूड हात लागताच पुसली जाते, म्हणून चित्रास काच हवीच. आणि काच कागदास चिकटू नये, यासाठी मधे जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवून फ्रेम करून घ्यावी. रंग पक्का करण्याचा फवारा मारल्यास छटा थोड्या काळवंडतात. म्हणून तो मारायचाच असेल तर बेताने. थेट ऊन येणारी आणि पावसाळ्यात ओल धरणारी, अशा दोन्ही भिंती टाळाव्यात. फ्रेम न केलेली चित्रे बटर पेपर मधे घालून, सपाट ठेवावीत.

आणि चित्र कोणत्या भिंतीवर लावावे, याचाही विचार व्हावा. आपल्या घरांत चौकटीतील चेहरा म्हणजे गेलेल्या माणसाचा, अशी सवय जडली आहे. म्हणून काही वडीलधारी मंडळी जिवंतपणी आपले चित्र भिंतीवर लावण्यास कचरतात. त्यांच्या भावनेचा मान राखून ते कपाटात ठेवले तरी चालेल. कारण चित्र पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे निम्मे काम झालेले असते. सून समोर बसली, तिने पाऊण तास आपल्याकडे पाहिले, मधेच उठून आपल्या पाठीशी तक्क्या सारला, पदर जसा पडला होता तसाच राहू द्या म्हणाली. हे त्या आजींच्या आयुष्यात पुष्कळदा प्रथमच घडत असते. त्यांनी इतरांचे चेहरे पाहून कोणास भूक आहे, कोणास ताप आहे, कोणाचा माल अडकला आहे ते ओळखले. त्यांच्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

खडूची पेटी आणावी, खिडकीजवळ खुर्ची मांडावी आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसास तेथे येऊन बसण्याची विनंती करावी. पहिले चित्र त्यांच्यासारखे दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बसवावे.